नेपाळात घर बांधायला निघालेल्यांची तीन पत्रं

या महिन्यात मिरज, कराड आणि पाटण तालुक्यातून आलेली तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. चर्चच्या गटाबरोबर नेपाळात घर बांधायला जाणं आणि तिथं जुळणारी, किंवा न जुळणारी, माणसं. बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळी हीच घेतली आहेत.

प्रश्न : प्रिय मावशी, मी मिरजेची, वय २३. डी. फार्म. करून औषधांच्या दुकानात काम करते. आमच्या पाळकसाहेबांनी तरुण संघातून माझं नाव नेपाळला जाणाऱ्या गटासाठी दिलंय. फेब्रुवारीत दोन आठवडे डोंगरातल्या एका गावात राहून एका कुटुंबाचं घर बांधायला मदत करायची आहे. गटात आम्ही बारा जण. बहुतेक पुण्या-मुंबईचे, एकमेकांना आधीपासून ओळखणारे, आपसात इंग्रजीत बोलणारे. मिरजेची मी एकटीच. मागे पाचगणीच्या शिबिरात असंच झालं होतं. सगळे घोळक्यानं फिरायचे आणि मी कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसायची. या वेळी तसं नको आहे. शिवाय ज्यांचं घर बांधायचं त्या लोकांशी कसं वागायचं? आपण उपकार करायला आलोय असं त्यांना वाटेल का? घरात बाबा म्हणतात, एवढा खर्च करून विटा वाहायला कशाला जायचं, तेवढे पैसेच पाठवा. आईला मुलामुलींच्या एकत्र राहण्याची काळजी. काय करू?
— र., मिरज

उत्तर : बाबांच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो खरा आहे. तुमच्या बारा जणांचं विमानभाडं, राहणं-खाणं, विमा हे सगळं एकत्र केलं तर तेवढ्या पैशांत तिथला गवंडी आणि त्याचे बिगारी तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त काम उरकतील, आणि भिंतही सरळ येईल. बाबांना हे मोकळेपणानं मान्य करून टाक. मग त्यांना सांग की पैसे पाठवून घर होतं, पण त्या घरातल्या माणसांची ओळख होत नाही. मिरजेतल्या एका मुलीला डोंगरातलं एक कुटुंब नावानिशी माहीत असणं आणि त्या कुटुंबाला ती माहीत असणं, यासाठीच हा प्रवास आहे. म्हणून मैत्रीला वरकड गोष्ट समजू नकोस. तुझं जाणंच तिच्यावर उभं आहे. तिथं जाऊन नुसत्या विटा वाहून आलीस तर बाबांचं म्हणणं खरं ठरेल.

आता उपकाराचं. याबद्दल मला जे कळतं ते मदत घेताना कळलेलं आहे. आमचं घर सांगलीत गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फुटांची, म्हणजे काय झालं असेल ते मिरजेच्या माणसाला सांगायला नको. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ, आणि तो वास. मदतीला खूप माणसं आली, देव त्यांचं भलं करो. त्यांत एक गट असा आला की त्यांनी तासाभरात घर रिकामं करून दिलं. एकसारखे टी-शर्ट, हातात फावडी, कामाचा झपाटा मोठा. पण घरातलं सगळं त्यांनी रस्त्यावर नेऊन ओतलं. काय टाकायचं, काय ठेवायचं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. फोटो काढला आणि पुढच्या घरी गेले. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरकडच्या कॉलेजातली एक मुलगी आली. रस्त्यावरच्या ढिगात तिला माझं शिवणयंत्र दिसलं. ‘काकू, हे टाकायचंय का?’ म्हणून विचारलं. मी नाही म्हटल्यावर ती यंत्राशेजारी फतकल मारून बसली आणि म्हणाली, ‘मला यातलं काही कळत नाही, तुम्ही सांगा, मी करते.’ मग मी सांगत गेले. आधी पट्टा काढ, मग खालचं शटल सोडव, बॉबिनची डबी रॉकेलमध्ये बुडव, दात्यांच्या फटीतला गाळ जुन्या टूथब्रशनं काढ, सगळं कोरडं झाल्याशिवाय तेल सोडू नकोस. दुपारभर आम्ही दोघी त्या यंत्रापाशी होतो. पूर आल्यापासून मी सगळ्यांकडून नुसती घेत होते. पाणी, बिस्किटं, चादरी, कपडे. त्या दुपारी पहिल्यांदा मी कुणाला काहीतरी दिलं. ती मुलगी आजही दिवाळीला घरी येते. तिच्या लग्नातला ब्लाऊज मी त्याच यंत्रावर शिवला.

तेव्हा त्या नेपाळी कुटुंबाला देता येईल असं काहीतरी त्यांच्याकडून घे. शीक, विचार, खा, मागून घे. मदत करणारा माणूस सारखा देतच राहिला तर समोरच्याला मान खाली घालून ‘बरं, बरं’ एवढंच म्हणता येतं. अशानं ओळख वाढत नाही.

हे तिथं कसं होतं तेही सांगते. २०१५ च्या २५ एप्रिलच्या भूकंपानंतर आम्ही काही निवृत्त परिचारिका नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात गेलो होतो. तपासणीचं काम दुपारपर्यंत संपायचं, मग आम्ही दगड-विटा वाहायला हात लावायचो. आम्ही विटा छातीशी कवटाळून चढ चढायचो, चार-पाच विटा, त्याही धापा टाकत. त्या घरातली आमा, म्हणजे आई, आमच्याहून वयानं मोठी. तिनं आम्हाला थांबवलं, पाठीला डोको लावला, म्हणजे शंकूच्या आकाराची बांबूची टोपली, आणि तिचा पट्टा, नाम्लो, डोक्यावर नीट कुठं बसवायचा ते दाखवलं. केसांच्या रेषेच्या जरा वर, मान किंचित पुढं, ओझं मानेवर न येता पाठीच्या कण्यातून खाली पायांत उतरलं पाहिजे. चुकलं की ती मागून पट्टा सरकवायची. तिला मराठी येत नव्हतं, मला नेपाळी येत नव्हतं. पण त्या दिवसानंतर जेवताना माझं ताट ती स्वतःशेजारी मांडायची.

म्हणून गेल्या-गेल्या त्या घरातल्या कुणाकडून तरी एक काम शिकून घे. डोको उचलणं असेल, चूल पेटवणं असेल, गुन्द्रुकाची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची, भाजी असेल. आणि ते घर त्यांचं आहे हे एक क्षणही विसरू नकोस. खिडकी कुठं हवी, चूल कोणत्या कोपऱ्यात, उंबरा किती उंच, हे त्या घरातल्या बाईला विचारलं गेलं पाहिजे. गटात कुणी विचारत नसेल तर तू विचार.

या बाबतीत हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेची रीत मला पटते. मिलर्ड आणि लिंडा फुलर या नवरा-बायकोनं १९७६ मध्ये अमेरिकेत ती सुरू केली, ख्रिस्ती श्रद्धेतूनच. ज्याचं घर बांधायचं ते कुटुंबही कामाला उभं राहतं. फुकट घर वाटण्यापेक्षा नफा न घेता हप्त्यानं पैसे फेडून घेतात. २००६ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आपल्या लोणावळ्याजवळ शंभर घरांच्या कामाला आले होते, ते याच संस्थेकडून. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते आठवत असेल. घरमालक आणि स्वयंसेवक एकाच मापाचं घमेलं उचलतात तेव्हा कोण कुणावर उपकार करतंय हा प्रश्न मागे पडतो. तुमचा गट ज्यांच्यामार्फत जातोय त्यांची रीत काय आहे, ते कुटुंब कामावर असणार का, तिथल्या गवंड्याला मजुरी मिळणार का, की तुमच्यामुळे त्याचा रोज बुडणार, हे निघायच्या आधी विचार. गवंड्याची मजुरी बुडवून आलेल्या पाहुण्यांशी गाव मैत्री करत नाही.

आता तुझ्या बारा जणांचं. घोळक्यात शिरायचा प्रयत्नच करू नकोस. घोळक्याचं दार कुठं असतं ते बाहेरच्याला सापडत नाही. त्यापेक्षा जोडीनं करायची कामं मागून घे. बांधकामावर अशी कामं पुष्कळ असतात. दोघांनी धरायची वाळूची चाळण असते. समोरासमोर उभं राहून तासभर हलवत राहायचं. किंवा सळयांच्या सांगाड्याला रिंगा बांधायच्या, एकीनं रिंग धरायची, दुसरीनं आकड्यानं तार पिळायची. अशा कामात डोळे आणि हात गुंतलेले असतात, त्यामुळे गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही आणि बोलावंसं वाटलं तर समोर एकच माणूस असतं. कुणाच्या घरी काय, कोण कशाला आलंय, हे अशा वेळी आपोआप निघतं. इंग्रजीची भीतीही तिथं गळते. ‘थोडं वर धर’ एवढं सांगायला कुठली भाषा लागते? आणि एक नक्की सांगते, त्या बारातले निम्मे तरी तुझ्यासारखेच बावरलेले असणार. इंग्रजीत बोलणारा माणूस आतून धीट असतोच असं नाही.

जाताना सांगलीचं भडंग भरपूर घेऊन जा. ते टिकतं आणि हातात डबा असला की कुणापाशीही जाऊन बसता येतं. नेपाळात सकाळी दहाच्या सुमाराला आणि संध्याकाळी असा दोन वेळा डाळ-भात-भाजीचा भरपेट जेवणाचा रिवाज आहे. मधल्या वेळेला खाजा, म्हणजे चहाबरोबर चिउरा वगैरे. चिउरा म्हणजे आपले पोहेच, पण कोरडे खातात. खाजाच्या वेळेला तुझं भडंग काढ आणि त्यांच्या चिउऱ्याबरोबर वाट. मसाला कुणी केला, शेंगदाणे कुठले, इथून बोलणं सुरू होतं आणि शेतीवर जातं. सांगलीच्या हळदीबद्दल, तासगावच्या बेदाण्यांबद्दल सांग. तिथले लोक शेतकरी आहेत, त्यांना यात रस असतो.

खरं तर मैत्रीची सुरुवात मिरजेतच कर. आपल्याकडं अपार्टमेंटच्या गेटवर, मोमोच्या गाड्यावर, महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत किती नेपाळी माणसं राबतात! आपण त्यांना एकाच नावानं हाका मारतो आणि त्यांचं खरं नाव वर्षानुवर्षं विचारत नाही. जायच्या आधी अशा एखाद्याला त्याचं नाव, गाव, जिल्हा विचार. तुम्ही कुठल्या गावात जाणार ते सांग. मोठ्या माणसाला दाइ, मोठ्या बाईला दिदी, म्हाताऱ्या बाईला आमा म्हणायचं, हे तोच शिकवेल. लिपी आपलीच असल्यानं पाट्या तुला वाचता येतील, हा आपल्याला मिळालेला केवढा तरी फायदा आहे. संध्याकाळी त्या घरातल्या शाळकरी पोरांचं पुस्तक त्यांच्याकडून वाचून घे. पोरांना मोठ्या माणसाला शिकवायला फार आवडतं.

काही गोष्टी सांभाळायच्या. चुलीपाशी, स्वयंपाकघरात बोलावल्याशिवाय जायचं नाही. बऱ्याच घरांत त्याचे कडक नियम असतात. उष्ट्याचा विचार आपल्यासारखाच, तेव्हा आपल्या ताटातलं दुसऱ्याला द्यायचं नाही. शनिवार हा तिथला सुट्टीचा वार, म्हणून चर्चची उपासना शनिवारी असते. तुम्ही जाल तेव्हा ‘जयमसीह’ म्हणा, मंडळी आनंदानं उत्तर देतील. पण गावातल्या बाकीच्या लोकांशी धर्माचं बोलणं काढू नका आणि पत्रकं तर मुळीच वाटू नका. २०१५ च्या राज्यघटनेनं आणि त्यानंतरच्या फौजदारी संहितेनं दुसऱ्याचं धर्मांतर करायला तिथं बंदी आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तुम्ही परत याल, तिथल्या लहानशा मंडळीला मात्र तिथंच राहायचं आहे. शिवाय ज्यांचं घर बांधताय ते कुटुंब ख्रिस्ती असेलच असं नाही. घराच्या बदल्यात आपल्याकडून काहीतरी अपेक्षित आहे, अशी शंकाही त्यांच्या मनात येता कामा नये. माझी श्रद्धा मला प्यारी आहे, म्हणूनच हे इतकं ठासून सांगते.

फोटोचं थोडक्यात सांगते. पहिल्या दिवशी कॅमेरा काढू नकोस. ओळख झाल्यावर काढ आणि कुटुंबाला हवा तसा काढ, नव्या कपड्यांत, हसरा. परत आल्यावर त्याच्या छापील प्रती पोस्टानं पाठव.

परत आल्यावर गटाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आठवडाभर गजबजतो, मग त्यात नुसते वाढदिवस उरतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. बारा जणांशी मैत्री टिकत नाही, टिकायचं कारणही नाही. दोघीतिघींना स्वतंत्रपणे फोन कर. पुण्याची मुलगी असेल तर मिरजेला बोलाव, दर्ग्यापासच्या गल्लीत तंबोरे कसे बनतात ते दाखव, घरी जेवायला घाल. नेपाळच्या कुटुंबाला सणावाराला फोन कर. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधराच मिनिटं पुढं आहे, तेव्हा वेळेची अडचण नाही. दिवाळीत आपली भाऊबीज असते तेव्हा तिहारमध्ये त्यांची भाइटीका असते. त्या दिवशी तिथल्या भावाला फोन केलास तर त्याला किती आनंद होईल, तूच बघ.

आईचं राहिलं. मुलींची झोपण्याची सोय वेगळी आहे का, गटात एखादी जबाबदार बाई आहे का, रात्रीचे नियम काय, हे आईनं स्वतः गटप्रमुखांना फोन करून विचारावं. चांगला प्रमुख याचा राग मानत नाही. ज्याला राग येईल त्याच्याबरोबर मीही माझ्या मुलीला पाठवणार नाही.

प्रश्न : मावशी, मी कराडचा, वय २८, एमआयडीसीत नोकरीला. गेल्या वर्षी चर्चच्या गटातून नेपाळला घर बांधायला गेलो होतो. त्या घरातल्या मुलाशी, तो माझ्याच वयाचा, घट्ट मैत्री झाली. परत आल्यावर रोज मेसेज. काही महिन्यांनी त्यानं बहिणीच्या फीसाठी पैसे मागितले, मी दहा हजार दिले. आता तो आखातात नोकरीला जायचं म्हणतोय आणि एजंटला द्यायला मोठी रक्कम मागतोय. माझा पगार बेताचा. गटातले म्हणतात, ब्लॉक कर, ही माणसं अशीच. मला फार लागलंय. ती मैत्री खरी होती का?
— स., कराड

उत्तर : पैसे मागितले म्हणून मैत्री खोटी, असं मी तरी म्हणणार नाही. आपल्याकडं अडीनडीला माणूस कुणाकडं उसने मागायला जातो? ओळखीच्याकडंच ना? त्यानं तुम्हाला त्या यादीत धरलं. ‘ही माणसं अशीच’ म्हणणाऱ्यांनी आपल्या गल्लीतली उसनवारी आठवावी.

त्याच्या बाजूनं जरा बघा. भूकंपानंतर नेपाळ सरकारनं घर उभारायला तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत दिले. आपल्या शंभर रुपयांचे त्यांचे एकशेसाठ होतात, म्हणजे आपले पावणेदोन-दोन लाख. डोंगरावर सिमेंट-सळई नेऊन घर बांधायला ते पुरत नव्हते आणि कितीतरी घरांनी वर कर्ज काढलं. गावात काम नाही, म्हणून तरुण पोरं मलेशिया, कतार, सौदी, दुबईला जातात. आणि त्याच्या नजरेत तुम्ही कोण? विमानानं येऊन, पगारी रजा टाकून, हौसेनं त्याच्या घराच्या विटा वाहून गेलेला माणूस. असा माणूस श्रीमंतच असणार, असं त्याला वाटलं तर त्यात नवल नाही.

तेव्हा ब्लॉक करू नका. मेसेजवर हा विषय वाढवूही नका. फोन लावा, जमलं तर चेहरा दिसेल असा, आणि त्याला तुमचा पगार सांगा. भाडं किती, हप्ते किती, घरी किती पाठवता, महिन्याच्या शेवटी हातात काय उरतं, नेपाळच्या प्रवासाचे पैसे कसे जमवले, सगळं सांगा. आतापर्यंत त्याचं घर तुम्ही आतून पाहिलंय, त्यानं तुमचं पाहिलेलं नाही. मग स्वच्छ सांगा की एवढी रक्कम मला जमणार नाही, दहा हजार बहिणीला दिले ते परत नकोत. घुमवून, ‘बघतो, करतो’ म्हणत ठेवू नका. त्या आशेवर तो एजंटला शब्द देऊन बसेल.

आणि एक काम तुम्ही पैशाशिवाय करू शकता. मलेशिया आणि आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांचा व्हिसा आणि तिकीट मालकानं द्यायचं, असा नेपाळ सरकारचा नियम २०१५ पासून आहे. एजंट तरीही भरमसाट पैसे उकळतात. कंपनी कोणती, करारपत्र हातात आलं का, पगार त्यात लिहिलाय का, वैदेशिक रोजगार विभागाची श्रम स्वीकृती, म्हणजे परदेशी कामासाठीची सरकारी परवानगी, मिळणार आहे का, हे त्याच्याबरोबर बसून बघा. पर्यटक व्हिसावर चल म्हणत असेल तर त्याला हात जोडून थांबवा. तुम्ही एमआयडीसीत आहात, कंत्राटदाराच्या कागदांतल्या खाचाखोचा तुम्हाला कळतात. सख्खा मित्र याहून वेगळं काय करतो?

गटातल्या बाकीच्यांनाही असे मेसेज आले असतील तर एकत्र बसून ठरवा, पण त्याची चारचौघांत चर्चा करू नका आणि तिथल्या पाळकांकडे त्याच्या माघारी तक्रार तर अजिबात नेऊ नका. एवढ्या लहान गावात त्याचं तोंड दाखवणं मुश्कील होईल. तुम्ही नाही म्हटल्यावर तो महिनाभर गप्प झाला तरी धीर धरा. सणाला तुम्हीच फोन करा.

प्रश्न : ताई, मी पाटण तालुक्यातला, वय ६४. जन्मभर गवंडीकाम केलं. १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो. वडीलही गवंडी, पडलेली घरं उभी करताना त्यांच्या मागं मागं फिरलो, तिथंच थापी धरायला शिकलो. गावातल्या एका ख्रिस्ती शिक्षकांनी सांगितलं की त्यांच्या चर्चचा गट नेपाळला घर बांधायला जातोय, तुम्ही चला. मी ख्रिस्ती नाही. पोरं म्हणतात, विशीतल्या मुलांत तुमचं काय काम, तुमच्याशी कोण बोलणार. जावं का?
— एक वाचक, ता. पाटण

उत्तर : दादा, जरूर जा. अशा गटांत उत्साही पोरं ढीगभर असतात, ओळंबा धरता येणारा माणूस क्वचित असतो. तुम्हाला बोलावलंय ते याच कारणानं. ख्रिस्ती नसल्याची अडचण नाही. सकाळी-संध्याकाळी प्रार्थना होईल तेव्हा शेजारी शांत बसा, किंवा चहा ठेवा. कुणी तुम्हाला काही म्हणायला लावणार नाही. लावलं तर त्या शिक्षकांना सांगा.

तिथं दगड-मातीची घरं आहेत. कोयनेला, आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला जे झालं तेच तिथं २०१५ ला झालं. जाड भिंत, दोन्ही तोंडं सुटी, मध्ये खडी-माती भरलेली, हादरा बसला की भिंत पोट फुगून उघडते. आता तिथं भिंतीच्या दोन्ही तोंडांना जोडणारा लांब आरपार दगड ठरावीक अंतरावर घालतात, कोपऱ्यांची बांधणी मजबूत करतात आणि जोत्यापासून छपरापर्यंत आडवे पट्टे फिरवतात, खिडकीखाली, दारावर, भिंतीच्या माथ्यावर. हे तुम्ही एका नजरेत ओळखाल. पण तिथल्या मिस्त्रीच्या हाताखाली काम करा. पहिले दोन दिवस फक्त बघा, त्याची दोरी, त्याचा दगड फोडायचा हातोडा, त्याची माती कालवायची तऱ्हा. दोन गवंड्यांची ओळख पटायला वेळ लागत नाही. तुम्ही एखादा दगड फिरवून नीट बसवलात की तो काय ते समजेल. काही चुकतंय असं वाटलं तर पोरांसमोर बोलू नका, संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन दाखवा.

पोरांचं म्हणाल तर त्यांना हातात घमेलं देऊन नुसतं पळवलेलं असतं. कुणी काही शिकवलेलं नसतं. तुम्ही एकाला लेव्हल-ट्यूबमधलं पाणी कसं वाचायचं ते दाखवा, दुसरा आपणहून येईल. कोयनेच्या वेळचं वडिलांचं काम, तेव्हा गावानं काय केलं, हे रात्री शेकोटीपाशी त्यांना सांगा. पुस्तकात वाचलेल्या भूकंपातून आलेला माणूस त्यांनी कधी समोर पाहिलेला नसतो. तुम्हीही त्यांना विचारा, त्यांच्या नोकऱ्यांचं, शिक्षणाचं, घरच्यांचं. विशीतल्या पोरांना उपदेश करणारे पुष्कळ भेटतात, ऐकणारं कुणी भेटलं की ती बिलगतात.

मिरजेच्या त्या मुलीचं पत्र वर छापलंय, तेही वाचा. तुमच्या गटात अशी एखादी एकटी पडलेली पोर असणारच. तिला ओळंबा धरायला बोलवा.

आता तयारीचं. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानानं जाताना १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट नाहीतर निवडणूक ओळखपत्र लागतं. ते जुनं असेल, नाव किंवा फोटो ओळखू येत नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. रक्तदाब, साखर तपासा, गोळ्या चिठ्ठीसकट दुप्पट दिवसांच्या न्या. फेब्रुवारीत डोंगरात पहाटे कडक थंडी असते, घोंगडी नको, हलकं जाकीट आणि कानटोपी घ्या. गुडघ्याची तक्रार असेल तर गटप्रमुखांना आधीच सांगा, म्हणजे राहायची सोय कामापासून जवळ करतील. स्वतःची थापी आणि ओळंबा नक्की न्या, हाताला बसलेलं हत्यार दुसरीकडं मिळत नाही. फक्त विमानात ते हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत काढून घेतील. मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा.